जमीन डोंगर चढली

पुंता कोइवे, ११ फेब्रुवारी

एलेउतेरियो भावोजी,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहिते. तुमचं पत्र पोचलं. वकिलाकडून टाइप करून घेतलंत ते बरं केलंत. तुमचं अक्षर बेलार्मिनोलासुद्धा लागत नसे, आणि तो तर सख्खा भाऊ.

पत्राचा अर्थ मी असा लावला: किनाऱ्यालगतची जागा तुम्ही साल्मन मासे पाळणाऱ्या कंपनीला विकताय, जूनमध्ये हिवाळा लागण्याआधी मी घर रिकामं करायचं, आणि खडकावरचं 'ते भंगार' उचलून न्यायचं.

जागेवरून मी भांडणार नाही. सासऱ्यांनी ती तुमच्या नावावर केली तेव्हा बेलार्मिनो समुद्रावर होता. परत आल्यावर म्हणाला, असू दे, तो परक्या मुलुखात दुसऱ्यांची मेंढरं कातरतो, त्याच्या नावावर मातीचा एक तुकडा असलेला बरा. आता तो तुकडा तुम्ही विकताय. तुमचा कागद, तुमची सही.

घर मात्र माझं. त्याचा एकेक ओंडका बेलार्मिनोने आणि मी मिळून ओढून आणलाय. ते मी घेऊन जाईन. कुठे, ते ठरलेलं आहे. तुम्ही काळजी करू नका.

राहिलं भंगार. तुम्ही शेवटचे आलात तेव्हा ते नव्हतं, म्हणून सांगते. पाण्याकडच्या काळ्या खडकात चार जाड बोल्ट खोलवर बसवलेत आणि त्यांवर माणसाच्या उंचीचा एक पोलादी खांब नटांनी आवळलाय. वर पांढरी टोपी, खाली बॅटरीची पेटी. विद्यापीठाच्या लोकांनी बेलार्मिनोला विचारून तो बसवला. आकाशातून उपग्रह फिरत असतात, ज्यांच्या आधाराने तुमच्याकडचे ट्रकवाले फोनवर रस्ता शोधतात, तेच. ते सारखे सांगत असतात, मी इथे आहे, आणि आता इतके वाजले. खांब ते ऐकतो. वर्षानुवर्षं ऐकत राहिला की तो स्वतः नेमका कुठे उभा आहे ते कळतं, बटाट्याच्या सालीएवढ्या फरकाने. आणि तो खडकाला जखडलेला, म्हणजे खडक कुठे आहे तेही कळतं. खडक सरकतो, भावोजी. तुम्ही जे विकताय ते एका जागी नसतं.

शिवाय ओल्या हवेतून येताना तो आवाज किंचित अडखळतो. किती अडखळला त्यावरून आपल्या डोक्यावर हवेत पाणी किती आहे ते कळतं. रेडिओवर वादळाचा इशारा देतात त्यात हे धरलेलं असतं. इथल्या होड्या कधी बाहेर काढायच्या नाहीत हे ठरवण्यात तुमच्या भंगाराचा हातभार आहे.

टोपीवर समुद्रपक्षी घाण करतात, ती बेलार्मिनो पुसायचा. आभाळ झाकणाऱ्या फांद्या तोडायचा. तो गेल्यापासून हे मी करते. तो गेला तेव्हा नऊ दिवस प्रार्थना झाली, येईल त्याला मी जेवू घातलं. तुमची प्लास्टिकच्या फुलांची माळ पोचली. अजून आहे तशी आहे. ती काही कोमेजत नाही.

एकच मागणं आहे. विक्रीतून तेवढा खडक वगळा. कंपनीला खडक घेऊन काय करायचंय?

ओतिलिया


पुंता कोइवे, ३ मार्च

भावोजी,

कंपनीला खडक घेऊन काय करायचंय ते कळलं. फोडायचाय. परवा त्यांचा एक माणूस आला होता, बूट इतके स्वच्छ की आपल्या चिखलाला लाज वाटावी. म्हणाला, मावशी, इथून होड्यांसाठी उतार करायचाय, खडक मधे येतो. मी विचारलं, तुझी मावशी कोण रे? तुझ्या आईला बहीण असली तर तिला म्हण. तो हसला, वाईट मुलगा नव्हता. म्हणाला, मालकांनी सगळं विकलंय, खडकासकट. मी त्याला चहा दिला आणि चहा संपल्यावर दार दाखवलं.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की घराची जागा ठरलेली आहे. ठरलेली नव्हती. तुमच्यापुढे पदर पसरायचा नव्हता म्हणून तसं लिहिलं. आता खरंच ठरली. वर टेकडीवर प्रार्थनाघराच्या मागे एलिसेओ नाउएल्किनचं रान आहे. तो आणि ओर्तेन्सिया जेवायला बसले होते तेव्हा मी गेले. बोलायला तोंड उघडलं, तर ओर्तेन्सिया नवऱ्याला म्हणाली, ऐकलंस का, बाई शेवटी आली एकदाची, मला वाटलं घर डोक्यावर घेऊन समुद्रात उभी राहते की काय. एलिसेओ एवढंच म्हणाला, "बैल माझे. बाकीच्यांना तू विचार." म्हणून आठवडाभर दारोदार फिरून मिंगा मागितली, म्हणजे घर ओढून न्यायला सगळ्या गावाचे हात. कुणी नाही म्हटलं नाही. इथे अजून कुणी नाही म्हणत नाही, भावोजी. तुमच्याकडे पद्धत बदलली असेल.

खांबाचं मी मारित्साला विचारलं. ती विद्यापीठातली, खांब तिच्याच देखरेखीखाली असतो. आली की आधी बूट काढून चुलीपुढे पाय शेकते, मग काम. सरळ विचारलं, खांब घरासोबत वर नेला तर चालेल का? ती म्हणाली, चालेल, आकाश सगळीकडे सारखंच, हवेचं काम तिथूनही होईल. पण मग जमिनीचा धागा तुटतो. इतकी वर्षं एकाच ठिकाणचं ऐकलेलं, ते तिथेच संपतं. नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून. आणि तो खडक फोडला, तर धागा जोडायला काही उरतच नाही.

तुम्ही साठ सालच्या भूकंपानंतर जन्मलात. मी लहान होते, पण खालचं शेत आठवतं. एका दुपारी सगळा किनारा खचला, शेत पाण्यात गेलं आणि परत आलं नाही. तेव्हा आम्हाला वाटलं, जमीन मेली. मारित्साने पडद्यावर खडकाच्या उंचीची रेघ दाखवली. खांब बसल्या दिवसापासूनची. ती वर चढते. अगदी हळू, वर्षाला नखाएवढी, पण चढते. खचलेली जमीन परत वर येते आहे.

बेलार्मिनो गेला तो दिवस मी तिला त्या रेघेवर दाखवायला सांगितला. तिने बोट ठेवलं. काही नव्हतं. रेघ तशीच पुढे गेलेली. मला आधी राग आला. वाटलं, निदान थोडं अडखळायचं होतं. मग रात्री अंथरुणात विचार केला आणि बरं वाटलं. रेघेचा त्या बोटाच्या अलीकडचा भाग त्याने राखलेला, पलीकडचा मी. मधे खाच नाही.

ती खाच मी पडू देणार नाही. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून म्हणायला नको की वहिनीने पाठीमागून काहीतरी केलं.

ओतिलिया


पुंता कोइवे, २ एप्रिल

भावोजी,

मिंगा झाली. तुम्हाला कुणी ना कुणी कळवलं असेलच, पण कळवणारे तिखटमीठ लावतात, म्हणून मी सांगते.

पद्धत तुम्ही विसरला नसाल. ज्याचं घर, त्याने नव्या जागी चुली मांडायच्या आणि जेवण तयार ठेवायचं. मागे वळून घराकडे बघत बसायचं नाही. मी पहाटेच वर गेले होते, मटण, बटाट्याचे तळलेले मिल्काओ, शिंपल्यांचं कालवण, सफरचंदाच्या दारूची, चिचाची पिंपं. ओर्तेन्सिया माझ्या डाव्या हाताला, आणि तिचं तोंड कढईपेक्षा जास्त तापलेलं. खाली पुरुषांनी खिडक्या काढल्या, घराखाली ओंडके सरकवले, बैल जुंपले. आरोळी आम्हाला वर ऐकू आली. ती आरोळी मी लहानपणापासून ऐकते. या वेळी घर माझं होतं, आणि दोर ओढणाऱ्यांत बेलार्मिनो नव्हता. मी कांदे चिरत होते, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

मग मारित्साचा फोन आला.

"ओतिलियाताई, तुम्ही ठीक आहात ना? तिकडे भूकंप झालाय का?"

मी आधी समुद्राकडे पाहिलं. आमची पिढी आधी समुद्राकडेच पाहते. समुद्र जागच्या जागी होता. मी म्हटलं, नाही, का?

"पडद्यावर तुमचा खडक डोंगर चढतोय."

"कसा चढतोय?"

"हळूहळू. मधे मधे थांबतोय."

मी हातातली सुरी खाली ठेवली. म्हटलं, थांबतो तेव्हा बैल दम खात असतील.

तेवढ्यात घर चढावर आलं. पुढे झेंडा, मग बैलांच्या जोड्या, मग माझं घर, धुराड्यासकट हलत डुलत. त्याच्यामागे एक वेगळी घसरगाडी, तिच्यावर खांब. उभाच्या उभा. दोन्ही बाजूंनी माणसांनी धरलेला, जसं पालखीतल्या देवाला धरतात. पेटी त्याच्या पायाशी, बॅटरी चालू. तुमची प्लास्टिकची माळ कुणीतरी त्याच्या गळ्यात घातली होती. आणि तो बापडा सगळ्या वाटेवर ऐकत होता, आपण कुठे आहोत ते मारित्साला कळवत होता.

एलिसेओ घामाने भिजलेला, तोंडभर हसत आला. म्हणाला, "बेलार्मिनोचा खांब कंपनीच्या हाती सोडायचा होय? घरातलं माणूस मागे ठेवून मिंगा होत नसते." मोठा पाना घेऊन त्यांनी चारही नट उघडले होते. किती अवघड गेले, ते प्रत्येकजण मला वेगळं वेगळं सांगत होता.

त्यांना मी काय बोलू? खालचं सगळं ओंजळीत आणल्यासारखं घेऊन आले होते. मी सगळ्यांना वाढलं. सगळे जेवले, नाचले. ओर्तेन्सियाने खांबालाही एक मिल्काओ नेऊन ठेवला, तो कुत्र्याने खाल्ला. मी एकदा घरामागे गेले आणि तिथे उभी राहिले. इतकी वर्षं भूकंपाने, वादळाने, मरणाने जी रेघ तुटली नव्हती ती माझ्या शेजाऱ्यांनी प्रेमाने तोडली.

सगळे पांगल्यावर मी एलिसेओला सांगितलं की खांब परत खाली न्यायचाय. त्याचं तोंड उतरलं. मिंगेने आणलेलं परत नेत नाहीत, ते तुम्हालाही माहीत आहे. आणणाऱ्यांच्या तोंडावर फेकल्यासारखं होतं. तो म्हणाला, आम्ही चुकीचं केलं काय? मी म्हटलं, केलंत. पण खांब खडकावर कशासाठी उभा आहे हे तुम्हाला मी कधी सांगितलंच नाही, नुसतं फडक्याने पुसत राहिले. मग चुलीशी बसवून सगळं सांगितलं, रेघ, खचलेलं शेत, वर येणारी जमीन. शेत त्याच्या वडलांचंही गेलं होतं. त्याने चुलीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाला, "बोल्ट मात्र आम्ही काढले नाहीत. ते निघतच नव्हते."

ते मी मारित्साला कळवलं. फोनवर ती हसली की रडली ते मला सांगता येणार नाही. बोल्ट खडकात तसेच असतील तर खांब पुन्हा नेमका त्याच जागी बसतो. रेघेत थोडी मोकळी जागा राहील, पण धागा जोडता येईल.

म्हणून मी पुन्हा दारोदार गेले. खांबासाठी दुसरी मिंगा. लोक हसले. पण आले. खांब परत खडकावर आहे, नट मारित्साने स्वतः आवळले. तुमच्या जागेत पाऊल टाकायची परवानगी मी घेतलेली नाही. मुद्दाम घेतली नाही.

ओतिलिया


पुंता कोइवे, १९ मे

भावोजी,

अखेर तुमचा फोन आला. वर्षाचं बोलणं तुम्ही एका दमात बोललात. मला तेव्हा पुरतं उत्तर देता आलं नाही, ते इथे देते.

तुम्ही म्हणालात, वहिनी, तुम्ही मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. मी म्हटलं, तोंड कधी आणलं होतंत? त्यावर तुम्ही फोन ठेवलात. ते मी जरा लागेलसं बोलले. पण मागे घेत नाही.

तुम्ही म्हणालात, खांब आठ दिवसांत काढला नाही तर कंपनी पोलीस आणेल. पोलीस नाही आले. कंपनीने बंदर कचेरीचा माणूस आणला, हद्द पक्की करून घ्यायला, म्हणजे कागदावर बोट ठेवून मला हाकलता येईल. कंपनीचा तो स्वच्छ बुटांचा मुलगाही होता. या वेळी त्याने गमबूट घातले होते, शिकतोय.

कचेरीचा माणूस वयस्कर, हळू बोलणारा. ओसोर्यो त्याचं नाव. उधाणाच्या दिवशीच आला. मी वरून खाली उतरून खडकाशी उभी राहिले, कारण मला कुणी नको म्हटलं नव्हतं. भरती चढली. पाणी खडकाच्या पुढे आलं, बाजूने वळलं, आणि खडकाच्या मागच्या अंगाला, जमिनीकडे, शिरलं. ओसोर्यो पाण्यात उतरला. त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं.

त्याने तुमचा कागद मागितला. कंपनीच्या मुलाने दिला. ओसोर्योने तारीख पाहिली आणि विचारलं, ही मोजणी भूकंपाच्या आधीची का? त्या मुलाला माहीत नव्हतं. मला होतं. मी म्हटलं, आधीची. तेव्हा हा खडक शेताच्या मधोमध होता. त्याला पाठ टेकून आमच्या सासूबाई बटाटे निवडत बसायच्या.

"मग हा कागद ज्या शेताचा आहे ते शेत आता नाही," ओसोर्यो म्हणाला. "उधाणाचं पाणी जिथवर पोचतं तिथवर किनारा सगळ्यांचा. तो विकता येत नाही, विकत घेताही येत नाही."

मुलगा म्हणाला, एका दिवसाच्या भरतीवरून कसं ठरवता? वाजवी प्रश्न होता. ओसोर्यो माझ्याकडे पाहू लागला. मी मारित्साला फोन लावून त्याच्या हातात दिला. तुम्हाला मी हवेचं आणि जमिनीचं सांगितलं होतं, पाण्याचं मलाही नीट माहीत नव्हतं. आकाशातला आवाज खांबाला दोनदा ऐकू येतो, एकदा थेट, आणि एकदा पाण्यावर आपटून. दोन्हींमधल्या फरकावरून पाणी किती चढलंय ते कळतं. इतक्या वर्षांची प्रत्येक भरती त्याने मोजलेली आहे. दर उधाणाला पाणी खडकाच्या मागे जातं. ओसोर्योने ते ऐकून घेतलं, टिपून घेतलं, मला फोन परत केला आणि म्हणाला, बाई, तुमच्या साक्षीदाराची स्मरणशक्ती चांगली आहे.

तर खडक तुमचा नाही, भावोजी. आमचाही कधी नव्हता, बेलार्मिनोचाही नव्हता. आपण सगळे इतकी वर्षं समुद्राच्या जागेवरून एकमेकांना पत्रं लिहीत होतो. बाकीची जागा तुम्ही विकलीत ती विकलीत. कंपनी आपला उतार खाडीच्या पलीकडच्या अंगाने करणार आहे. आमचं अंगण होतं तिथे त्यांनी कुंपण घातलंय. खडकाकडे जायला मी आता किनाऱ्याने लांबून फिरून जाते, ओहोटी बघून. पाय दुखतात. जाते.

तुम्ही फोनवर असंही म्हणालात, एका लोखंडी दांड्यापायी तुम्ही घरच्या माणसाशी वैर धरलंत. दांड्यापायी नाही. तुम्हाला वाटलं, दादा गेला, आता ती बाई एकटी, तिला उठवलं की ती उठेल. त्याच्यापायी.

एक गोष्ट मात्र तुमच्या फायद्याची आहे आणि ती लपवणं बरं नाही. जमीन वर येते आहे, हे मी लिहिलंच होतं. अशीच येत राहिली तर एक दिवस उधाणाचं पाणी खडकाच्या मागे शिरायचं थांबेल. मग तो कोरड्या जमिनीत येईल, आणि तुमच्या कागदाला पुन्हा अर्थ येईल. मी मारित्साला विचारलं, कधी? ती म्हणाली, समुद्रही चढतोय, त्यामुळे नक्की सांगता येत नाही, पण आज जन्मलेली पोरं म्हातारी होतील तेव्हा कदाचित. मधे दुसरा मोठा भूकंप झाला तर सगळं परत पहिल्यापासून.

तेव्हा खडक मागायला या, किंवा कुणाला तरी पाठवा. त्या दिवसाची तारीख तुम्हाला खांबच सांगेल. तोवर खडक समुद्राचा आहे, आणि समुद्राने मला अजून ऊठ म्हटलेलं नाही.

ओतिलिया